तिसऱ्या प्रकारचें पत्र

शाळामास्तराच्या टेबलावर पत्रें फार येऊन पडतात. चौतीस वर्षें मीं साताऱ्याकडील एका गांवीं इंग्रजी शिकविलें, आणि त्या अवधींत पालकांचीं किती पत्रें वाचलीं याची गणति नाहीं. परंतु त्या साऱ्या ढिगाची वाटणी करूं लागलों, तर ती दोनच प्रकारांत होईल. एक रजेचें पत्र : 'चिरंजीवास ताप आल्यामुळें तो दोन दिवस शाळेंत येऊं शकला नाहीं.' दुसरें माफीचें : 'चिरंजीवाच्या हातून जो अपराध घडला त्याची क्षमा व्हावी, पुन्हां असें होणार नाहीं.' पहिल्या प्रकारांत थोडेंफार असत्य असे, दुसऱ्यांत थोडीफार भीति असे. पण मजकूर इतका ठराविक कीं, सही झांकली तर कोणतें पत्र कोणाचें हें ओळखूं येऊं नये. पालकांनीं शाळेकडे कांहीं मागितलें आहे असें पत्र मात्र मला एकहि आठवत नाहीं. माझा मुलगा असा कां वागतो हें शाळेनें शोधावें आणि आम्हांस लेखी कळवावें, असें जर कोणीं मला लिहिलें असतें, तर त्या उद्धटपणाची तक्रार घेऊन मी थेट मुख्याध्यापकांकडे गेलों असतों. असलें तिसऱ्या प्रकारचें पत्र मीं पहिल्यानें पाहिलें तें वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं. आणि तें लिहीत होती माझी स्वतःची मुलगी.

गेल्या वर्षीं सप्टेंबरांत मी तिच्याकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठीं गेलों. त्या राज्यांत आपलीं माणसें इतकीं आहेत कीं, वाण्याच्या दुकानांत मराठी ऐकूं येतें आणि भाजणीचें पीठहि मिळतें. नातू आठ वर्षांचा, इयत्ता तिसरींत. त्याचें नांव मी येथें देत नाहीं. त्याच्या नांवापुढें काय लागावें आणि काय लागूं नये, हाच तर या लेखाचा विषय आहे. घरीं हा मुलगा म्हणजे अखंड बडबड. आगगाडीचीं इंजिनें, ज्वालामुखी, शनीचीं कडीं, कोणत्या विषयावर त्याचा प्रश्न येईल याचा नेम नसे, आणि उत्तरें देतांना माझ्यासारख्या मुरलेल्या मास्तराचीहि धांदल उडे. शाळेंतला मुलगा मात्र कोणी निराळाच असावा. मुलगी आठवड्यांतले तीन दिवस घरूनच नोकरी करी. दुपारीं तिचा फोन वाजला आणि त्यावर शाळेचा नंबर दिसला कीं, तिच्या तोंडचें पाणी पळे. आज त्यानें कागद टरकावला. आज बाक लाथाडलें. आज टेबलाखालीं जाऊन बसला तो घंटा होईपर्यंत बाहेर आला नाहीं. आज वर्गांतून धूम ठोकली. मग रात्रीं मुलगी संगणकापुढें बसून शिक्षिकेला लिही, 'आम्हांला अतिशय वाईट वाटतें. आम्हीं त्याला समज दिली आहे. पुन्हां असें होणार नाहीं.' सातां समुद्रांपलीकडे जाऊनहि आमचें तें दुसऱ्या प्रकारचें पत्र आमच्या मागोमाग आलें होतें!

माझें मत विचाराल, तर तें मीं न विचारतांच देऊन टाकलें होतें. लाड झाले आहेत, घरांत कोणाचा धाक नाहीं, आईबाप दोघेहि कामांत, असें निदान मीं पहिल्या आठवड्यांतच केलें. मास्तरकीच्या साऱ्या काळांत याच तीन कारणांवर माझें भागलें होतें. जावईबापूंचें म्हणणें त्याहून सौम्य होतें : मुलगा आहे, वय वाढलें कीं शहाणा होईल. ऑक्टोबरांत एके दिवशीं त्यानें फेंकलेली पेटी दुसऱ्या मुलाच्या कपाळाला लागली आणि शाळेनें त्याला दोन दिवसांसाठीं घरीं बसविलें. त्या दोन दिवसांत तो शांतपणें माझ्याशीं पत्ते खेळला. दुसऱ्या रात्रीं झोंपतांना त्यानें मला विचारलें, "आजोबा, मी बॅड बॉय आहे कां?" मी 'नाहीं' म्हणालों खरा, पण उत्तराला जितका वेळ लागावयास नको होता तितका लागला, आणि तो त्याच्या ध्यानांत आला असावा.

मुलीच्या ओळखीच्या एका मराठी बाईंनीं आपल्या मुलासाठीं पूर्वींच एक वाट चालून पाहिली होती. त्यांच्याकडून असें कळलें कीं, त्या देशांत मुलाच्या शिकण्याच्या आड एखादी अडचण येत असल्याचा संशय असेल, तर पालकाला सरकारी शाळेकडे संपूर्ण मूल्यमापनाची लेखी मागणी करतां येते, आणि त्याचा खर्च शाळेनें सोसावयाचा असतो. इतकेंच नव्हे, तर अशीं मुलें आपण होऊन हुडकून काढण्याचें कर्तव्यहि कायद्यानें शाळाखात्यावर घातलें आहे.

हा कायदा सुखासुखीं झालेला नाहीं. १९७१ सालीं वॉशिंग्टन शहरांत बारा वर्षांचा एक मुलगा, त्याचें वर्तन वाईट आहे या सबबीवर, शाळेबाहेर काढण्यांत आला. त्याच्यासह सात मुलांच्या वतीनें दावा लागला. आमच्याजवळ पैसा नाहीं, असें शाळाखात्यानें सांगितलें. १९७२ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, पैसा अपुरा असेल तर त्याची झळ या मुलांनाच अधिक लागावी हें चालणार नाहीं. पुढें २९ नोव्हेंबर १९७५ रोजीं अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीं अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. १९९० सालीं त्याचें नांव बदललें, पण गाभा तोच राहिला. मी हें सारें ऐकून थक्क झालों. १९७५ हें माझ्या नोकरीचें पहिलें वर्ष. त्या वर्षीं मीं स्वतःच्या पैशानें वेताची एक छडी विकत घेतली होती.

पत्र लिहावयाचें ठरलें तेव्हां, घरांत इंग्रजीचा मास्तर असल्यामुळें, मसुदा करण्याचें काम ओघानेंच माझ्याकडे आलें. मीं तो मोठ्या उमेदीनें केला. आरंभीं लिहिलें, 'आमच्या मुलामुळें आपणांस होत असलेल्या त्रासाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोंत.' त्यापुढें, 'आपल्या सहनशीलतेबद्दल आम्ही आपले ऋणी आहोंत.' आणि मग, 'आपणांस सवड असल्यास व योग्य वाटल्यास त्याच्याकडे थोडें लक्ष द्यावें.' मुलीनें कागद वाचला, पेन्सिल घेतली आणि तिन्ही वाक्यांवर काट मारली.

"अग, मग राहिलें काय?" मीं विचारलें.

"अण्णा, तुम्हीं मागितलेंच काय आहे?" ती म्हणाली. "सवड असल्यास, योग्य वाटल्यास! असें लिहिलें तर त्यांना सवड होणार नाहीं, आणि योग्यहि वाटणार नाहीं."

"पण इतकें कोरडें पत्र पाठविलें तर त्यांच्या मनांत..."

"हें पत्र त्यांच्या मनांत ठेवण्यासाठीं नाहीं. तें फाईलींत ठेवण्यासाठीं आहे."

शेवटीं जें पत्र गेलें तें जेमतेम दहा ओळींचें होतें. मुलाचें नांव, इयत्ता आणि तारीख. वर्गांत काय काय घडतें याचा चार वाक्यांत गोषवारा. ज्या ज्या बाबतींत अडचणीचा संशय आहे त्या सर्व बाबतींत मूल्यमापन व्हावें ही मागणी. संमतिपत्रावर सही करण्याची तयारी. आणि उत्तर लेखी मिळावें ही विनंति. तारखेवर तिचा विशेष कटाक्ष होता. पत्र पोंचल्यापासून वीस दिवसांच्या आंत शाळेनें पालकांसह सभा बोलाविली पाहिजे, असा न्यू जर्सीचा नियम आहे. संमति मिळाल्यावर मूल्यमापन, निर्णय आणि पात्र ठरल्यास मदतीचा आरंभ हें सर्व नव्वद दिवसांत पुरें झालें पाहिजे. तोंडी बोलण्याला तारीख नसते, आणि ज्याला तारीख नाहीं त्याचे दिवस कोणी मोजीत नाहीं.

शाळेकडून प्रथम गोड उत्तर आलें. आधीं वर्गांत कांहीं लहानसहान उपाय करून पाहूं, ते फसले तर मग मूल्यमापनाचा विचार करूं, असें त्यांत होतें. मला तें अगदीं रास्त वाटलें. मुलगी मात्र म्हणाली कीं, उपाय अवश्य करावे, पण त्यांच्या निमित्तानें मूल्यमापन लांबवितां येत नाहीं. केंद्रीय शिक्षणखात्यानें २०११ सालींच तसें सर्व राज्यांना कळविलें आहे. हेंच तिनें लिहून पाठविलें, पुन्हां तारीख घालून. सभा ठरली.

येथें मला माझ्या मनांतल्या भीतीविषयीं लिहिलें पाहिजे. कारण तीच भीति अनेक वाचकांच्याहि मनांत असेल. मला शिक्क्याची भीति वाटत होती. आज आठव्या वर्षीं जो शब्द या मुलाच्या कागदावर लिहिला जाईल तो अठराव्या वर्षीं पुसला जाईल काय? ही भीति केवळ अडाणीपणाची आहे असें मी अजूनहि म्हणणार नाहीं. १९०५ सालीं पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने यांनीं आपली पहिली बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली ती, ज्या मुलांना शाळेंत अधिक मदत लागते तीं ओळखतां यावींत म्हणून. पण तींच मापनें पुढें अमेरिकेंत मुलांना बाजूला सारण्यासाठीं वापरलीं गेलीं; कॅलिफोर्नियांत काळ्या मुलांना अशा चांचण्यांच्या जोरावर मंदबुद्धीच्या वर्गांत टाकलें जाई, आणि ती प्रथा १९७९ सालीं न्यायालयालाच बंद करावी लागली. मीं हें मुलीला बोलून दाखविलें. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "अण्णा, शिक्का आतांच बसला आहे. तो 'बॅड बॉय' असा आहे. तो कोणीं तपासून मारलेला नाहीं, म्हणून तो कोणाला खोडूनहि काढतां येत नाहीं." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

सभेला मीहि गेलों. टेबलाच्या पलीकडे शाळेचे मानसशास्त्रज्ञ, शिकण्यांतील अडचणींच्या तज्ज्ञ शिक्षिका, समाजसेविका आणि नातवाच्या वर्गशिक्षिका बसल्या होत्या. वर्गशिक्षिका तरुण होत्या आणि फार थकलेल्या दिसत होत्या. मी त्यांच्याकडे पाहूं लागलों आणि त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मीच बसलों आहें, असें मला वाटूं लागलें. त्या दुष्ट नव्हत्या. चोवीस मुलें, त्यांतला एक बाक लाथाडणारा. मींहि दुसरें काय केलें असतें? संमतिपत्रावर मुलीनें आणि जावईबापूंनीं दोघांनींहि सही केली. ही सही फक्त तपासण्यासाठीं आहे, पुढच्या मदतीसाठीं संमति निराळी घ्यावी लागते, हें तेथें स्पष्ट करून सांगण्यांत आलें.

पुढचे तीन महिने बर्फाचे होते आणि वाट पाहण्याचे. मानसशास्त्रज्ञांनीं मुलाच्या चांचण्या घेतल्या. तज्ज्ञ शिक्षिकेनें त्याचें वाचन, लेखन व गणित तपासलें. डॉक्टरांनींहि पाहिलें. समाजसेविका घरीं येऊन दोन तास बसल्या. मुलाचीं परीक्षणें तो ज्या भाषेंत स्वतःला नीट व्यक्त करूं शकतो त्या भाषेंत झालीं पाहिजेत, असा दंडक असल्यामुळें घरांत कोणती भाषा बोलतात याची त्यांनीं कसून चौकशी केली. मराठी, असें मीं अभिमानानें सांगितलें. आणि नातवानें तिकडून अस्खलित इंग्रजींत त्यांना सांगितलें कीं, आजोबांशींच फक्त! शिवाय कोणीतरी वर्गांत मागच्या बाजूला बसून निरनिराळ्या वेळीं त्याचें वागणें टिपून घेतलें. तें टिपण्याची रीत मला नवी होती. गैरवर्तनाच्या आधीं काय घडलें, गैरवर्तन कोणतें झालें, आणि त्याच्या नंतर लगेच काय घडलें, असे तीन रकाने.

फेब्रुवारींत निर्णयाच्या सभेच्या दहा दिवस आधीं, नियमाप्रमाणें, अहवाल घरीं आला. मीं तो रात्रीं एका बैठकींत वाचून काढला. त्यांतलें पुष्कळसें आंकड्यांचें होतें. पण ते तीन रकाने वाचतांना मीं चष्मा काढला आणि पुसला. जवळजवळ प्रत्येक प्रसंगाच्या आधींच्या रकान्यांत एकच गोष्ट होती : वर्गाला कांहींतरी हातानें लिहावयास सांगितलें होतें. आणि नंतरच्या रकान्यांतहि एकच : मुलाला वर्गाबाहेर पाठविलें. ज्याच्या डोक्यांत ज्वालामुखी आणि शनीचीं कडीं होतीं त्याला तीं कागदावर उतरवितां येत नव्हतीं; अक्षरें जुळवितांना त्याचा हात आणि त्याची बुद्धि यांची फारकत होई. लक्ष एका जागीं न ठरण्याची, एडीएचडी या नांवाची अडचण त्यांत भर घाली. बाक लाथाडलें कीं लिहिणें टळतें, हें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें. आपण सर्वांनीं मिळून शिकविलें होतें. ज्याला शाळा शिक्षा म्हणत होती ती त्याची सुटका होती, आणि ती त्याला दर वेळीं वेळच्या वेळीं मिळत होती.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. १९८६ सालच्या सुमारास माझ्या आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. शुद्धलेखनाचा तास सुरू झाला कीं तो शेजाऱ्याला चिमटा काढी, दौत सांडी, नाहींतर मोठ्यानें शीळ घाली. मी त्याला व्हरांड्यांत उभा करीं. तो जो शांत चेहरा करून बाहेर जाई तो मला आजहि दिसतो. त्या शांतपणालाच मी निर्लज्जपणा म्हणत असें आणि त्याबद्दल दोन छड्या जास्त देत असें. एकदां त्याच्या बापाचें माफीचें पत्र आलें. तें दुसऱ्या कोणीं लिहिलेलें होतें. खालीं आंगठा होता. 'पुन्हां असें होणार नाहीं' हें त्यांतहि होतेंच. वर्ष संपण्यापूर्वीं मुलानें शाळा सोडली, आणि वर्ग शांत झाला म्हणून मला बरें वाटलें.

नातू पात्र ठरला. त्याच्यासाठीं लेखी योजना झाली : वर्ग तोच, सोबती तेच, रोज कांहीं वेळ लेखनासाठीं निराळी शिक्षिका, लांबलचक मजकूर हातानें न लिहितां टंकनयंत्रावर, परीक्षेंत अधिक वेळ, आणि डोकें तापूं लागलें तर बाईंना एक पत्ता दाखवून पांच मिनिटें बाहेर जाण्याची मुभा, म्हणजे बाहेर जाण्यासाठीं बाक लाथाडण्याची गरज उरणार नाहीं. योजना दर वर्षीं तपासली जाईल, आणि निदान तीन वर्षांतून एकदां त्याचें मूल्यमापन पुन्हां होईल. म्हणजे मी ज्याला शिक्का समजत होतों त्यावर मुदत घातलेली होती. चमत्कार झाला असें मात्र कोणीं समजूं नये. मार्चमध्यें मी परत निघालों त्याच आठवड्यांत शाळेचा फोन पुन्हां एकदां वाजला. पण त्या रात्रीं मुलीनें जें पत्र लिहिलें त्यांत माफी नव्हती. 'त्याच्या आधीं काय घडलें?' असा एक प्रश्न होता.

आपल्याकडेहि २०१६ च्या कायद्यानें लिहिण्या-वाचण्यांतील या अडचणींना मान्यता दिली आहे, आणि शालान्त परीक्षेंत अशा मुलांना अधिक वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळूं शकतात. पण सवलत मिळण्यापूर्वीं कोणीतरी विचारावें लागतें. आणि आपल्या घरांत शाळेला विचारण्याची संवय नाहीं, माफी मागण्याची आहे. एखाद्या घरीं आज रात्रीं असें माफीचें पत्र लिहिलें जात असेल, तर त्या आईबापांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, झालेल्या नुकसानीबद्दल दिलगिरी जरूर कळवा. पण त्याखालीं तारीख घालून एक प्रश्नहि लिहा.

माझ्या मसुद्याचा तो कागद, काट मारलेल्या तीन वाक्यांसह, मीं जपून आणला आहे. गांवीं आल्यावर मीं त्या व्हरांड्यांतल्या मुलाची चौकशी केली. आतां तो पन्नाशीचा आहे, आणि तालुक्याच्या गांवीं विहिरीवरच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. हात फार चांगला आहे म्हणतात. पहिल्या वाक्यांत थोडा फेरफार करून त्याला एक पत्र लिहावें, असें मीं आधीं योजिलें होतें. कागदहि पुढें घेतला. मग ध्यानांत आलें कीं, ज्याला अक्षरांनीं इतकें छळलें त्याची क्षमा अक्षरांतून मागणें म्हणजे त्याला पुन्हां शुद्धलेखनाच्या तासाला बसविण्यासारखें आहे. येत्या सोमवारीं सकाळच्या एस्. टी. नें मी स्वतःच जाणार आहें.